मध्यम कंपनीत माहिती-तंत्रज्ञानाची अंतर्गत नियंत्रणे कशी उभी करावीत

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात आयटी प्रमुखांना "नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन तुमच्याकडे बंद होते का?" असे विचारले, तर "हो, लगेच होते" असे उत्तर बहुतेक वेळा मिळते. त्यापाठोपाठ "गेल्या वर्षी सोडून गेलेल्या प्रत्येकाचे लॉगिन कोणत्या तारखेला, कोणी बंद केले ते दाखवा" असे म्हटले, की जुने ई-मेल धुंडाळणे सुरू होते. या दोन प्रश्नांमधले अंतर कसे भरून काढायचे, हे या लेखात सांगायचे आहे. ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी, एका नेमक्या जोखमीसाठी केलेली आणि मागे पुरावा ठेवणारी कृती म्हणजे नियंत्रण. यातला एक घटक जरी नसेल तरी ती चांगली सवय असू शकेल, पण तिच्यावर संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षकाला विसंबता येणार नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. ती वाहनांचे सुटे भाग बनवते, तिची उलाढाल दीडशे कोटींच्या आसपास आहे, चारशे कर्मचारी आहेत, एक ईआरपी (खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) आहे, पगाराचे आणि हजेरीचे वेगळे सॉफ्टवेअर आहे, बँकेचे व्यवहार नेट बँकिंगवरून होतात आणि आयटी विभागात पाच माणसे आहेत. हिंजवडी किंवा खराडीतल्या मोठ्या कंपन्यांत प्रणाली अनेक असतात, पण कामाचा क्रम हाच राहतो.

कायद्याची बाजू आधी पाहून घेऊ. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४(५) नुसार सूचीबद्ध कंपनीच्या संचालकांना अंतर्गत वित्तीय नियंत्रणे पुरेशी आहेत आणि परिणामकारकपणे चालत आहेत, असे निवेदन करावे लागते. कलम १४३(३)(आय) नुसार लेखापरीक्षकाला त्यावर मत द्यावे लागते, आणि हे कलम केवळ सूचीबद्ध कंपन्यांपुरते नाही. ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल आणि २५ कोटींपेक्षा कमी कर्ज असलेल्या खासगी कंपन्यांना त्यातून सूट आहे. आपल्या उदाहरणातली कंपनी त्या सवलतीत बसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे. येथे एक गोष्ट हमखास सुटते. ईआरपीच्या पडद्यावरून केलेला बदल टिपला जातो, पण डेटाबेसमध्ये थेट शिरून केलेला बदल टिपला जातो का, हे कोणी तपासलेले नसते. सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून याचे लेखी उत्तर आजच मागवावे.

नियंत्रणांच्या तयार आंतरराष्ट्रीय चौकटींचा फार विचार करत बसू नये. १९९२ मध्ये आलेली आणि २०१३ मध्ये सुधारलेली कोसो चौकट नियंत्रणाचे पाच घटक आणि सतरा तत्त्वे सांगते, तर कोबिट २०१९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या कारभाराची चाळीस उद्दिष्टे आहेत. पहिलीतून विचारांची दिशा घ्यावी आणि दुसरीचा उपयोग काही राहून गेले का, हे पडताळण्यासाठी करावा. पाच माणसांच्या विभागाने चाळीसही उद्दिष्टांचे तक्ते भरायला घेतले, तर वर्ष तक्ते भरण्यात जाते आणि लॉगिने उघडीच राहतात. मी हे एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्या माणसांच्या वाया गेलेल्या कष्टांचे वाईट वाटले आहे.

पैसा आणि माल कोठून जातो ते आधी आखा

सुरुवात सर्व्हरच्या यादीपासून करू नये. खरेदीपासून पेमेंटपर्यंत, ऑर्डरपासून वसुलीपर्यंत, हजेरीपासून पगारापर्यंत आणि कच्च्या मालापासून डिस्पॅचपर्यंत अशा चार वाटा कागदावर काढाव्यात, आणि प्रत्येक टप्प्यावर माहिती कोणत्या प्रणालीतून कोणत्या प्रणालीत जाते ते लिहावे. असे करताना दोन गोष्टी नव्याने दिसतात. पहिली म्हणजे एक्सेलच्या फायली. ओव्हरटाइमचा हिशेब जर एका लिपिकाच्या संगणकावरील फायलीत होत असेल आणि तिथून पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढत असेल, तर ती फाइलही नियंत्रणाच्या कक्षेत येते. दुसरी म्हणजे दोन प्रणालींमधले सांधे. ईआरपीतून बँकेच्या पोर्टलवर अपलोड होणारी पेमेंटची फाइल मध्ये एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये अर्धा तास पडून राहत असेल आणि ती नोटपॅडमध्ये उघडून खाते क्रमांक बदलता येत असेल, तर ईआरपीतल्या सगळ्या मंजुऱ्या त्या अर्ध्या तासात निष्प्रभ होतात.

जोखीम पूर्ण वाक्यात लिहा

जोखीम नोंदवहीत "सायबर हल्ला" किंवा "डेटा गमावणे" असे दोन शब्द लिहिलेले असतील, तर त्यावरून कोणालाच काही करता येत नाही. कारण, घटना आणि परिणाम हे तिन्ही एका वाक्यात यावेत. उदाहरणार्थ: "पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक एकाच कर्मचाऱ्याला बदलता येत असल्यामुळे, बनावट ई-मेलवर विश्वास ठेवून किंवा जाणूनबुजून तो बदलला जाईल आणि मोठी रक्कम परक्या खात्यात जाईल." असे वाक्य लिहिले की उपाय कोठे हवा ते त्यातल्या कारणातच दिसते.

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती वापरावी, पण तिची मर्यादाही ओळखावी. रोज होणारी किरकोळ चूक आणि क्वचितच घडणारी, पण कंपनी बुडवू शकणारी घटना या दोहोंचा गुणाकार पाचच येतो. म्हणून परिणामाचे गुण पाच असतील तेथे शक्यता कितीही कमी असली, तरी ती जोखीम संचालकांसमोर गेलीच पाहिजे, असा नियम करावा.

गुणांचा अर्थ रुपयांत आणि तासांत ठरवावा, आणि तो आयटी विभागाने नव्हे, संचालकांनी ठरवावा. आपल्या कंपनीत विचारण्याजोगा प्रश्न असा: ईआरपी बंद पडली तर डिस्पॅच किती तास थांबलेला चालेल? पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायाला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. ईआरपी बंद, तर इन्व्हॉइस क्रमांक नाही, ई-वे बिल नाही आणि भरलेला ट्रक गेटवरच उभा. गाड्यांचे कारखाने सुट्या भागांचा साठा मोजकाच ठेवत असल्यामुळे काही तासांतच ग्राहकाचे फोन सुरू होतात. संचालकांनी "चार तास" असे म्हटले, की बॅकअप, पर्यायी इंटरनेट जोडणी आणि थेट सरकारी पोर्टलवरून इन्व्हॉइस काढता येण्याची तयारी, या सगळ्यांसाठी किती खर्च योग्य ठरतो हे आपोआप स्पष्ट होते.

नियंत्रण रचताना कॉसमॉसची घटना आठवावी

नियंत्रणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. प्रतिबंधक नियंत्रण चूक घडू देत नाही आणि शोधक नियंत्रण घडलेली चूक लवकर पकडते. दोन्ही का हवीत, हे कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी एटीएम स्विचमार्फत कोअर बँकिंग प्रणालीकडे जाते आणि तेथे खात्यातील शिल्लक तपासली जाते. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला आणि मागण्यांना तोच मंजुरी देऊ लागला. ११ ऑगस्टला अठ्ठावीस देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी झाली.

शिल्लक तपासणे हे उत्तम प्रतिबंधक नियंत्रण होते, पण मागणी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. म्हणून प्रत्येक प्रतिबंधक नियंत्रणापुढे "व्यवहार याला वळसा घालून जाऊ शकतो का?" हा प्रश्न लिहावा आणि उत्तर "हो" असेल, तर त्या नियंत्रणावर अवलंबून नसलेले शोधक नियंत्रण जोडावे. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता, हेही विसरू नये. कामाच्या दिवशीच चालणारी तपासणी सुट्टीच्या दिवशी आंधळी असते.

आपल्या कंपनीतील खाते क्रमांकाच्या जोखमीसाठी नियंत्रण असे लिहिता येईल: "पुरवठादाराच्या बँक तपशिलातील बदल खरेदी विभागातील कर्मचारी ईआरपीत नोंदवेल, लेखा व्यवस्थापक पुरवठादाराच्या नोंदवहीतील जुन्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करून खात्री करेल, फोनची तारीख, वेळ आणि बोललेल्या व्यक्तीचे नाव ईआरपीतील शेऱ्यात लिहील आणि मगच बदल मंजूर करेल." यातला "जुन्या" हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण बनावट ई-मेलमध्ये सोयीचा नवा फोन क्रमांकही दिलेला असतो. याला जोडून शोधक नियंत्रण असे ठेवावे की दर सोमवारी वित्त प्रमुख मागील आठवड्यात बदललेल्या सर्व बँक तपशिलांची यादी थेट प्रणालीतून काढून मंजुरीच्या नोंदींशी ताडून पाहतील.

प्रवेश, बदल आणि बॅकअप

माहिती-तंत्रज्ञानाची सर्वसाधारण नियंत्रणे या तीन गोष्टींभोवती फिरतात, आणि त्यांतही प्रवेशाचा विषय सर्वांत मोठा आहे.

माणूस कंपनीत येतो, विभाग बदलतो आणि जातो. येताना लॉगिन मिळते, कारण त्याशिवाय काम अडते. जाताना ते बंद होण्याची शक्यता तरी असते. मधल्या टप्प्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. स्टोअरमधला कर्मचारी खरेदी विभागात गेला, त्याला पर्चेस ऑर्डर काढण्याची परवानगी मिळाली, पण जीआरएन, म्हणजे माल आल्याची पोच, करण्याची जुनी परवानगी तशीच राहिली, तर न आलेल्या मालाची ऑर्डर आणि पोच हे दोन्ही एकच माणूस तयार करू शकतो. म्हणून बदलीच्या आदेशाची प्रत आयटीकडे गेल्याशिवाय बदली पूर्ण झाली असे मनुष्यबळ विभागाने मानू नये, आणि नव्या परवानग्या देण्यापूर्वी जुन्या सर्व काढाव्यात. कंत्राटी कामगारांचे लॉगिन तयार करतानाच त्याला कंत्राटाची अंतिम तारीख लावावी.

कोणती दोन कामे एकाच्या हाती नकोत, याचा तक्ता सुरुवातीला दहा-बारा जोड्यांपुरताच ठेवावा. पुरवठादार तयार करणे व पेमेंट करणे, पगाराचा मास्टर (मूळ तपशील) बदलणे व पगार मंजूर करणे, साठ्याची मोजणी करणे व फरकाची नोंद टाकणे, अशा जोड्या लिहून प्रत्येक वापरकर्त्याच्या परवानग्या त्यांच्याशी जुळवून पाहाव्यात. छोट्या विभागात काही जोड्या तोडणे शक्यच नसते. तेथे भरपाईचे नियंत्रण द्यावे, म्हणजे त्या माणसाच्या अशा सर्व व्यवहारांची महिन्याची यादी त्याच्या वरिष्ठाने तपासून सही करावी.

प्रशासक खात्यांबाबत तडजोड करू नये. पाच जणांनी मिळून वापरलेले एकच "अॅडमिन" लॉगिन असेल, तर बदल कोणी केला हे कधीच सिद्ध होत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे वेगळे प्रशासक खाते द्यावे, त्यावर दुहेरी पडताळणी लावावी, आणि त्या खात्यांच्या कामाचे लॉग (प्रणालीत आपोआप होणाऱ्या नोंदी) अशा ठिकाणी पाठवावेत की जेथे ते पुसण्याचा अधिकार त्या पाच जणांपैकी कोणालाही नसेल. कुंपणच शेत खाऊ लागले तर ते कळायला दुसरा राखणदार हवा.

बदलांच्या बाबतीत मागणी, चाचणी, मंजुरी आणि प्रत्यक्ष प्रणालीत बदल चढवणे या चार पायऱ्यांची नोंद हवी, आणि बदल लिहिणाऱ्यानेच तो चढवू नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने आठपैकी सातच सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवला; आठव्यावर जुना राहिला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तंत्रज्ञाचे काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासावे अशी लेखी पद्धतच तेथे नव्हती. तातडीच्या बदलांना आधी तोंडी मंजुरी चालेल, पण दुसऱ्या कामाच्या दिवशी लेखी नोंद झालीच पाहिजे. महिन्यातले निम्मे बदल "तातडीचे" ठरत असतील, तर दोष नियोजनात आहे असे समजावे.

बॅकअपबद्दल एवढेच की "बॅकअप यशस्वी" असा रोजचा ई-मेल हा पुरावा नव्हे. तिमाहीत एकदा तो बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवून, काल संध्याकाळची साठ्याची शिल्लक आणि उघड्या ऑर्डरींची संख्या मूळ प्रणालीशी जुळते का ते पाहावे, आणि किती वेळ लागला तो संचालकांनी ठरवलेल्या चार तासांशी ताडावा. भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे ही चाचणी गुरुवारी सकाळी ठेवणे सोयीचे पडते. एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेले बॅकअप सर्वांत आधी गाठतो.

पुरावा आणि चाचणी

येथे मात्र थोडे थांबावे लागेल, कारण चांगली नियंत्रणेही या टप्प्यावर नापास होतात.

चाचणी दोन भागांत होते. पहिल्या भागात रचना तपासली जाते: हे नियंत्रण लिहिल्याप्रमाणे चालले, तर जोखीम खरोखर आटोक्यात येईल का? त्यासाठी एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहणे पुरेसे असते. दुसऱ्या भागात ते वर्षभर प्रत्यक्ष चालले का, हे नमुन्यांवरून पाहतात. लेखापरीक्षकांच्या प्रचलित पद्धतीत मासिक नियंत्रणाचे साधारण २ ते ५, साप्ताहिकाचे ५ ते १५, रोजच्या नियंत्रणाचे २० ते ४० नमुने घेतले जातात. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो: साप्ताहिक तपासणीने काम भागत असेल, तर ती "रोज" होईल असे धोरणात उत्साहाने लिहू नये. न पाळले गेलेले रोजचे नियंत्रण हे पाळल्या गेलेल्या साप्ताहिक नियंत्रणापेक्षा वाईट ठरते.

नमुना ज्या यादीतून निवडायचा, ती यादीच पूर्ण आणि अचूक आहे का, हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. सोडून गेलेल्यांची यादी आयटी विभागाकडून घेतली, तर ज्यांच्याबद्दल आयटीला कळवलेच गेले नाही ते तिच्यात नसतातच, आणि नेमके तेच आपल्याला शोधायचे असतात. म्हणून ती यादी पगाराच्या सॉफ्टवेअरमधून, वर्षभराचा कालावधी दिसेल अशी काढावी, काढताना वापरलेले निकष आणि तारीख दिसणारा स्क्रीनशॉट सोबत ठेवावा आणि एकूण संख्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींशी जुळवावी. मगच ती ईआरपीतील चालू वापरकर्त्यांच्या यादीशी ताडावी.

पुरावा नियंत्रण पार पडते त्याच वेळी तयार व्हायला हवा. मार्चअखेरीस बारा महिन्यांच्या तपासणीपत्रकांवर एकाच शाईने एकाच दिवशी सह्या करणे म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय ते खोटे दस्त तयार करणे आहे. एखाद्या महिन्यात तपासणी राहिली असेल, तर "राहिली" असेच लिहावे, कारण लिहावे आणि तेवढ्या काळातील व्यवहार आता तपासून त्याचा निष्कर्ष जोडावा. प्रामाणिकपणे नोंदवलेल्या त्रुटीवर उपाय निघतो. उघडकीस आलेल्या बनावट सहीनंतर मात्र बाकीच्या अकरा खऱ्या सह्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बाहेरचे पुरवठादार आणि घटनांची खबर

पगाराचे काम किंवा क्लाउड सेवा बाहेरच्या कंपनीकडे असली, तरी जोखीम आपलीच राहते. त्यांच्याकडून एसओसी १ प्रकार २ अहवाल, म्हणजे त्यांची नियंत्रणे ठरावीक काळ चालली का यावरचा स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल, मागवावा आणि तो आला म्हणजे झाले असे न मानता त्यातली, ग्राहकाने स्वतः पाळायच्या नियंत्रणांची यादी वाचावी. सोडून गेलेल्यांची माहिती वेळेवर कळवणे हे काम तेथे हमखास आपल्याच गळ्यात घातलेले असते.

सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. सहा तासांत खबर देण्याचा अधिकार कोणाचा, त्या व्यक्तीचा फोन लागला नाही तर कोणाचा, हे आधीच लिहून ठेवावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चारशे कामगारांचे आधार आणि बँक तपशील ज्या फोल्डरमध्ये आहेत, ते कोणाकोणाला उघडता येते, हे पाहण्यासाठी यापेक्षा वेगळे निमित्त नको.

संचालकांसमोर काय ठेवावे

तिमाहीला दोन पाने पुरतात. पहिल्या पानावर सर्वांत मोठ्या आठ-दहा जोखमी आणि त्यांतील बदल. दुसऱ्यावर नापास झालेली नियंत्रणे, त्यांची जबाबदारी घेतलेल्यांची पदे आणि दुरुस्तीच्या तारखा असाव्यात. दिलेली प्रत्येक सूट, म्हणजे एखाद्याला तात्पुरते दिलेले जादा अधिकार किंवा जुन्याच आवृत्तीवर चालू ठेवलेला सर्व्हर, संपण्याच्या तारखेसह मांडावी. तारीख उलटली तर मुदतवाढ संचालकांनीच द्यावी, आयटी विभागाने स्वतःला देऊ नये.

कामाचे वेळापत्रक आर्थिक वर्षाशी बांधावे. एप्रिल-मे मध्ये वाटा आखणे आणि जोखमी लिहिणे, जून-जुलैमध्ये पंधरा ते वीस नियंत्रणे सुरू करणे आणि सप्टेंबरमध्ये पहिली चाचणी, हा क्रम झेपण्याजोगा आहे. त्या चाचणीत सापडलेली त्रुटी ऑक्टोबरअखेर दुरुस्त झाली, तर दुरुस्त नियंत्रण चालल्याचे पाच महिन्यांचे नमुने ३१ मार्चपर्यंत हाती येतात. तीच त्रुटी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्त केली, तर लेखापरीक्षकाला तपासायला नमुनेच मिळत नाहीत आणि ती अहवालात तशीच राहते.